मुळ्याचं पाणी

"सरळ न्हाई कापायचा, आई. तिरका. एक वार करायचा, मुळा हातातल्या हातात थोडा फिरवायचा, परत एक वार. मग तुकड्याला लई तोंडं होतात. जितकी तोंडं, तितकं पाणी आत शिरतं."

आठ हिवाळ्यांमागं धाकट्या सुनेनं हे सांगितलं होतं, ह्याच न्हाणीच्या दगडाशी बसून. बसम्मानं आज मुळ्याची जुडी त्या दगडावर ठेवली आणि आवाज इतका कानाशी आला की तिनं मान वळवून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. धाकटी आतल्या खोलीत दोन रजया अंगावर घेऊन, भिंतीकडं तोंड करून पडली होती. औरंगाबादच्या दवाखान्यातून तिला घरी आणल्याला तीन आठवडे झाले होते. पोटातली गाठ पसरली, आता घरच्यांत राहू द्या, एवढं सांगून डॉक्टरांनी कागद हातात दिले होते. ह्या तीन आठवड्यांत तिनं कुणाजवळ काही म्हणता काही मागितलं नव्हतं.

काल संध्याकाळी मात्र बसम्मा तिच्या पायांना तेल चोळत होती, तेव्हा ती म्हणाली, "लई थंडी वाजती. आई, बाजारात मुळा आला का?"

तेवढंच म्हणाली. पण बसम्माचा हात पोटरीवर होता तिथंच थांबला.

तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय परळीत पाल्याची भाजी हाती धरवत नाही. थर्मल वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख उडत येते आणि पानापानावर बसते. बसम्मानं पाला खुडून बाजूला केला. पांढरेफेक मुळे ताटात ओळीनं मांडले. ते पाहता पाहता तिला तो कागदी पुडा आठवला.

धाकटा लेक सोमेश्वर एका कंत्राटदाराबरोबर बॉयलरच्या कामाला कलकत्त्याला गेलता. दोन वर्षांनी परत आला तो एक बायको घेऊन. तिकडच्या चिनी वस्तीत कातडी कमावणाऱ्यांच्या घरची पोर, नाव मेई. घरात महिनाभर चूल नीट पेटली नाही. मग बसम्माच्या नवऱ्यानं, विरुपाक्षअण्णांनीच, तोड काढली. स्वामींना बोलावलं, पोरीच्या गळ्यात लिंग बांधून तिला लिंगायत करून घेतलं, कपाळाला विभूती लावली, शिवांजली नाव ठेवलं. मासमच्छी सुटली. पोरीनं सगळ्याला मान डोलावली. पण पहिल्याच हिवाळ्यात तिच्या आईनं टपालानं एक पुडा धाडला, आणि घरात एकटी असताना तिनं मुळा कापायला घेतला. बसम्मा देवळातून आली तर सून खुशीत होती. हातातला मुळा फिरवून दाखवत होती. थंडीत आमच्यात हे रोज असतं, माझी आई करते, म्हणत होती. मग तिनं पुडा सोडला. आत वाळलेले, वाकडे, तांबूस झिंगे होते.

थोरली सून रुद्राणी किंचाळली होती. पातेलं उकिरड्यावर गेलं. सगळी जमीन शेणानं सारवली. धाकटी रडली नाही. तिनं पुड्याची घडी पहिल्यासारखी घातली आणि खालच्या मानेनं विचारलं, "कधीच न्हाई का, आई?"

तिचं ते तोंड बघवेना म्हणून बसम्मा बोलून गेली होती, "देईन गं बाई कधीतरी. मी करून देईन. शब्द हाय माझा."

लेकराला गप करायला माणूस चांदोबा देईन म्हणतं, तसंच ते. पण बोलताना समोर देवघरातला दिवा लागलेला होता, आणि बसम्मानं लग्न होऊन आल्यापासून एक सोमवार मोडला नव्हता, एक प्रदोष चुकवला नव्हता. बोललेलं फिरवायची तिला सवयच नव्हती. त्या पोरीनं आठ वर्षांत पुन्हा विषय काढला नाही. आता तिची आईही राहिली नव्हती. भाऊ वस्ती सोडून क्यानडाला गेला होता. ते पाणी तिला करून देणारं जगात कुणी उरलं असेल, तर ती एक बसम्मा होती.

"आत्याबाई, मुळा कावून इतका?" रुद्राणी मागं येऊन उभी राहिली होती. "आज सोमवार. तुमी तर फराळाचं खाणार."

"धाकटीला."

रुद्राणी पदर खोचून सरळ बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं तिच्या नवऱ्याचा, थोरल्या केदारनाथचा, आवाज आला, "आई, जरा माजघरात ये."

माजघरात सगळे होते. विरुपाक्षअण्णा बाजेवर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नजर जमिनीवर. केदारनाथ दुकान नोकरावर सोडून आलेला. सोमेश्वर खांबाला टेकून उभा. एसटीडीचं बूथ टाकल्यापासून तो दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचा आणि घरात आला की तोंड उघडायचा नाही.

"सोम्यानं सांगितलं मला," केदारनाथ म्हणाला. "धाकटीला ते चिनी पाणी पाहिजे म्हणं. झिंग्याचं."

"ती मागत न्हाई रे," बसम्मा म्हणाली. "मुळा आला का इतकंच म्हणाली."

"मग मुळ्याची भाजी कर की."

"भाजी कशी करू? मी शब्द दिलता."

"कवा?"

"तुमी पातेलं फेकलं त्या दिवशी."

केदारनाथनं कपाळावर हात मारला. "आई, तू शब्द काय कुणालाही देशील. दारातल्या कुत्र्यालाबी देशील. ऐक. तिच्या गळ्यात लिंग हाय. ते असताना तोंडात झिंगा गेला आन् उद्या बरंवाईट झालं, तर स्वामी येतील का दारात? रुद्रभूमीत समाधीला जागा देतील का आपली माणसं? आधीच म्हणतेत, बाहेरची हाय. आपल्यासारखी बसवून समाधी द्यायची का गावाबाहेर कुठंतरी आडवी टाकून यायची, तू सांग."

"दादा, ती अजून जिती हाय," सोमेश्वर म्हणाला.

"म्हणूनच बोलतोय. मागून बोलून काय उपेग? रडतो कावून बे? मी काय तिचा दुश्मन हाय?"

"दुश्मन कसले," रुद्राणी दारातून म्हणाली. "पण वास गल्लीभर जाईल. शेजारची नाकं किती लांब हायत मला विचारा. काल हिच्या औषधाचा वास आला तरी 'आज काय शिजवलं' म्हणत होत्या."

"तुला वासाचं पडलंय?" सोमेश्वर उसळला.

"मला तिच्या समाधीचं पडलंय भावजी! रोज तिचं अंग कोण पुसतंय? तुमी का?"

बसम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. ह्याच अण्णांनी धाकटीला मराठी वाचायला शिकवलं होतं, दुकानातल्या पुड्यांवरची अक्षरं दाखवून. साबण, काडेपेटी, चहा. ती चुकली की अण्णा हसायचे, आणि एरवी ते हसलेले घरात कुणाला आठवत नाहीत. "तुमी तरी काही बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?" अण्णा जमिनीकडंच बघत म्हणाले. "लिंग बांधायला मीच लावलं. काढायला कोणत्या तोंडानं लावू?"

मग सोमेश्वर खांबापासून हलला. तो बोलला ते भावाकडं पाहून, आईकडं पाहायची त्याला हिंमत झाली नाही. "मग... त्याच्याबिगर करू. मुळा, आलं, मिरं, सगळं घालू. फकस्त झिंगे न्हाई. तिला म्हणू, घातले. डॉक्टर म्हणलं होतं, अशा दुखण्यात चव कळत न्हाई. गरम पाणी पोटात जाईल. तिचंही मन राहील, लिंगही राहील."

केदारनाथनं सुस्कारा सोडला. "हां. हे बरंय."

"खोटं बोलायचं?" रुद्राणी म्हणाली. "मरणाऱ्या माणसाशी?"

"तिच्या भल्यासाठीच की."

"बोलणार कोण?"

सगळ्यांनी बसम्माकडं पाहिलं. पाहणारच. सोमेश्वर बोलला तर धाकटीला कळलं असतं, त्याचे डोळे सांगतात. केदारनाथवर तिनं विश्वास ठेवला नसता. पण सासूनं घातले म्हणून सांगितलं, की घातलेच. गावात बायका भांडण तोडायला 'बसम्माकाकी काय म्हणती ते बघा' म्हणायच्या. उभ्या जन्मात जमवलेलं खरेपणाचं एवढं एक भांडं, आणि आज घरच्यांना नेमकं तेच वापरायला हवं होतं.

"सोमवार हाय माझा," ती हळू म्हणाली.

"उद्या मंगळवार येईल, आई," केदारनाथ म्हणाला. "धाकटीला येईल का, ते बघ."

तिनं विळी पुढ्यात ओढली. सुरी तिला जमत नव्हती. विळीच्या पात्यावर मुळा तिरका धरला, एक काप पाडला, थोडा फिरवला, पुन्हा काप. तुकडे ओबडधोबड पडले, पण प्रत्येकाला तीन-चार तोंडं होती. आल्याच्या चकत्या केल्या, सालासकट, धाकटीनं तसंच सांगितलं होतं. पातेल्यात पाणी चढवलं. सवयीनं हात तेलाच्या बुधलीकडं गेला तो तिनं मागं घेतला. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. 'पाण्याला त्याचा रंग राहू द्यायचा, आई.' पाण्याला आधण आलं की आधी झिंगे टाकायचे, घटकाभर भिजवून फुगवलेले, आणि भिजवलेलं पाणीही टाकायचं, त्यातच सगळं असतं. मग मुळा. मग जाळ बारीक.

बसम्मानं आधणात नुसता मुळा सोडला.

रुद्राणी तिच्या शेजारी येऊन उकिडवी बसली. न सांगता तिनं मिरी कुटायला घेतली.

"त्या दिवशी मी लई ओरडले," रुद्राणी मधेच म्हणाली. "मी पण नवीच होते की. मला वाटलं किडे हायत."

"दिसतेत तसेच."

"मग ती मला म्हणाली, जाऊबाई, त्याला डोळे हायत म्हणून भ्याला का? म्हणाली, पुढच्या बारीला डोळे काढून आणते." रुद्राणीला हसू आलं आणि ते तोंडातच मोडलं. ती बत्ता आपटत राहिली.

मुळा काचेसारखा दिसायला लागला की उतरवायचं. आतून पलीकडचं दिसलं पाहिजे. बसम्मा झाकण काढून पुन्हा पुन्हा बघत होती. मुळ्याचा उग्र वास गेला, पाणी गोडसर झालं, मीठ पडलं, मिरी पडली. तिनं सोमवार म्हणून चाखलं नाही. पण न चाखताही तिला कळत होतं. हे गरम पाणी होतं, मुळा घातलेलं. यात काहीतरी नव्हतं, आणि ते काय असतं हे तिला जन्मात माहीत होणार नव्हतं.

दुपारी त्यांनी धाकटीला उशीला टेकवून बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीच्या हाडांवर उघडी पडल्यासारखी दिसत होती. वाटी दिसली तशी तिच्या डोळ्यांत कुठून तरी उजेड आला.

"मुळा हाय?"

"मुळा हाय," सोमेश्वर पुढं होऊन म्हणाला. "मेई, आईनं केलंय. तुझ्या आईसारखं."

तिनं वाटीत पाहिलं. तुकड्यांची तोंडं मोजत असावी तसं पाहिलं. मग तिनं सासूकडं नजर उचलली आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "घातले, आई?"

दाराशी केदारनाथ उभा होता, त्याच्या मागं रुद्राणी. सोमेश्वर श्वास धरून होता. बसम्माच्या कपाळावर सकाळची विभूती होती. पदराखाली तिचं स्वतःचं लिंग होतं, पहाटे डाव्या तळहातावर घेऊन तिनं त्यावर बेल वाहिला होता.

"घातले बाई," ती म्हणाली. "मूठभर घातले. मग गाळून काढले, तुला चावायचा त्रास नको."

हे गाळायचं कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं. खोटं बोलायला इतकी अक्कल आपल्याकडं होती, ह्याचंच तिला भ्याव वाटलं.

धाकटीनं एक चमचा घेतला. तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले. गिळला. दुसरा घेतला, तोही तसाच धरला, जास्त वेळ. तिसऱ्याला तिच्या भुवया जवळ आल्या. मग चेहरा मोकळा झाला, अगदी सपाट, पाटी पुसल्यासारखा.

"छान झालं," ती म्हणाली.

सोमेश्वरला हुंदका आला. "बघ आई! बघ, छान म्हणती!" असं म्हणत तो बाहेर पळाला. केदारनाथनं मान हलवली आणि दुकानाकडं गेला. जाताना उंबऱ्यात थांबून त्यानं हळूच डोळे पुसले, हे बसम्मानं पाहिलं. सगळ्यांचं समाधान झालं होतं.

तिनं धाकटीचं तोंड पुसलं, निजवलं. रजई गळ्यापर्यंत ओढली.

"आई."

"काय गं?"

"तुमी माझ्यासाठी सोमवारी झिंग्याला हात लावला." तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं चाललं होतं. "आन् मला काही लागलंच न्हाई. नुसता मुळा लागला. गरम पाणी लागलं. आईचं घर दिसंल वाटलं होतं. न्हाई दिसलं."

बसम्मानं पदराच्या टोकानं ते पाणी टिपलं.

"पाय गेले, पोट गेलं, केस गेले," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त दमणूक होती. "मी म्हणत होते, जीभ हाय अजून. जिभेवर हाय सगळं. आज कळलं, जीभ पण गेली. त्यांना सांगू नका. रडतील."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बसम्माला बोलायचं होतं. न्हाई गं माय, तुझी जीभ शाबूत हाय, घरात तेवढीच एक खरी हाय, खोटी माझी हाय. ती उशाशी खाली बसली. "धाकटे," ती म्हणाली, "ऐकती का? न्हाई घातले मी. त्यात नव्हतेच. तुला बरोबर लागलं."

पाठीची हाडं वरखाली होत होती. दवाखान्यानं दिलेल्या गोळीनं दुपारी तिला अशीच गुंगी येई. तिनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बसम्मानं आणखी एकदा सांगितलं, कानाशी वाकून. उत्तर आलं नाही. जागी होईल तेव्हा पुन्हा सांगता येईल. पण कोण विश्वास ठेवील? एकदा घातले म्हणाली, एकदा न्हाई म्हणाली. आता नुसतं सांगून ती जीभ परत मिळणार नव्हती. ती ज्यानं परत मिळेल ते ह्या घरात नव्हतं.

ती देवघरात गेली. पदराखालची डबी काढून लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि पाहत बसली. चाळीस वर्षं रोज पाहिलेला तो काळा थेंब. समाधी, स्वामी, रुद्रभूमी, सगळं खरं होतं. केदार खोटं बोलला नव्हता. उद्या ह्या पोरीला चार खांदे मिळतील की नाही, ह्याची जबाबदारी आता तिच्या एकटीच्या डोक्यावर येणार होती आणि त्यातून सुटका दिसत नव्हती. तिनं कौल मागितला नाही. लिंग डबीत ठेवलं, डबी पदराखाली घेतली, कापडी पिशवी खुंटीवरून काढली.

मागच्या दारी रुद्राणी भांडी घासत होती. तिनं पिशवी पाहिली, सासूचं तोंड पाहिलं. हातातली राख तशीच राहिली.

"झिंगेवाली छबुबाई दिवस कलला की बाजारातून उठती," ती खाली बघत म्हणाली. "पाण्याच्या टाकीच्या पलीकडं बसती. बोंबलाच्या ढिगामागं." मग थांबून म्हणाली, "मी परसात तीन दगड मांडून ठेवते. जुनं पातेलं हाय माळ्यावर. वास सुटला तर सुटला."

"केदार?"

"त्यांचं मी बघते. आत्याबाई, डोळे काढून दे म्हणावं छबुबाईला."

बसम्मानं तिच्या ओल्या हाताला हात लावला आणि मागची कडी काढली.

छबुबाई तिला ठाऊक होती. गूळ न्यायला दुकानाच्या बाजूच्या पायरीशी यायची, वर यायची नाही. 'हाताला वास हाय काकी, वरूनच सोडा' म्हणायची आणि पिशवीचं तोंड पसरून धरायची. बसम्मा वरूनच सोडायची. इतकी वर्षं तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी शेजारीण वाळवण उचलत होती. "काकी, दर्शनाला?" तिनं विचारलं. सोमवारी ह्या वेळेला बसम्माकाकी दुसरीकडं कुठं जाणार?

आज एकदा खोटं बोलून झालं होतं.

"न्हाई," बसम्मा म्हणाली. "बाजाराला."

चौकात आली तेव्हा डाव्या हाताला देवळाच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसत होत्या. बेलाच्या टोपल्या, घंटेचा आवाज. तिनं उभ्या जागेवरून हात जोडले. मग ती उजवीकडं वळली. वाऱ्यावर तो वास येऊ लागला, खारट आणि उग्र. जन्मभर ह्या वळणाला तिचा हात आपोआप पदर नाकाशी नेत असे.

आज तिनं पदर नाकाला लावला नाही. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून ती चालत राहिली. ऊन टाकीच्या पलीकडं उतरायला लागलं होतं.